मोठेपणी सापडलेले जन्मजात हृदयदोष, तेही एकाहून जास्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्टवर आजाराचं एकच नाव असलं की माणूस ते इंटरनेटवर शोधतो आणि घाबरतो. दोन-तीन नावं असली की काय शोधायचं तेच कळत नाही, कारण प्रत्येक नावाची माहिती वेगळी आणि एकीचा दुसरीशी मेळ बसत नाही. खालचे प्रश्न इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) खोलीत, टेबलावरून उठून शर्टाची बटणं लावता लावता पेशंट विचारतात, त्यातलेच आहेत. उत्तरं समजून घेण्यासाठी आहेत. तुमच्या हृदयाचा निर्णय तुमच्या तपासण्या बघूनच होईल.

दोष जन्मापासूनचा आहे म्हणता, मग पंचेचाळिसाव्या वर्षी कसा काय सापडला?

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत दाब मुळातच कमी असतो. त्यांच्यामधल्या पडद्याला भोक असलं तर डावीकडचं रक्त उजवीकडे जात राहतं, पण सावकाश. उजवी बाजू हा जादा भार वर्षानुवर्षं निमूटपणे ओढते. मूल शाळेत जातं, खेळतं, कुणाला शंकाही येत नाही. पुढे वयाबरोबर डावा खालचा कप्पा ताठर होऊ लागतो, रक्तदाब वाढतो, भोकातून जाणारं रक्तही वाढतं. मग जिना चढताना धाप लागते किंवा ठोके अनियमित पडू लागतात.

दुसरं असं की तक्रारी भलत्याच आजाराच्या नावावर खपून जातात. दमा, वजन, रक्त कमी, वय झालं. ‘धाप लागते का?’ असं विचारलं तर बहुतेक जण ठामपणे नाही म्हणतात. ‘बरोबरीच्या माणसाशी बोलत बोलत दोन जिने चढता का?’ असं विचारलं की थोडा वेळ शांतता पसरते. हळू चढायची सवय लहानपणीच लागलेली असते, ती सवय आहे हेच विसरायला झालेलं असतं.

तिसरं कारण या पानाच्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. काही दोष एकमेकांना सांभाळून घेतात.

सांभाळून घेतात म्हणजे? दोन दोष म्हटल्यावर धोका दुप्पट नाही का?

इथे बेरीज चालत नाही. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक आहे असं धरा. ते एकटंच असेल तर फुप्फुसांकडे जोराने आणि फार रक्त जातं, आणि तिथल्या रक्तवाहिन्या काही वर्षांत कायमच्या जाड व कडक होतात. आता त्याच माणसात फुप्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद आहे असं समजा. हा दुसरा दोष. पण ही अरुंद वाट अर्धवट बंद केलेल्या नळासारखी फुप्फुसांचं रक्षण करते. अरुंदपणा नेमका बेताचा असेल तर असा माणूस ऑपरेशनशिवायही मध्यमवयापर्यंत पोचतो. जास्त असेल तर अशुद्ध रक्त भोकातून डावीकडे येतं आणि ओठ निळे पडतात.

तेच भोक, पण शेजारी वेगळा. शरीराला रक्त नेणारी मुख्य धमनी, म्हणजे महाधमनी, पुढे एका जागी आवळलेली असेल तर डाव्या कप्प्याला पुढे रक्त ढकलणं जड जातं आणि भोकातून उजवीकडे जाणारं रक्त आणखी वाढतं. इथे दुसरा दोष पहिल्याला चिथावणी देतो.

म्हणून रिपोर्टवरची नावं मोजत बसू नका. रक्त कुठून कुठे जातंय, किती जातंय आणि कोणत्या दाबाने, हे विचारा. मी स्वतः प्रत्येक गुंतागुंतीच्या पेशंटचं हृदय आधी कागदावर बाणांनी काढतो. बाण जुळले नाहीत तर समजायचं, काहीतरी बघायचं राहिलंय.

एकाच माणसात दोन-तीन दोष, हा योगायोग असतो का?

कधी कधी. पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं. गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांत हृदयाची मुख्य घडण उरकते. एका नळीला पीळ पडतो, तिचे कप्पे होतात, पडदे उभे राहतात. एक पाऊल चुकलं की पुढची तीन चुकतात. एत्येन-लुई फालो या फ्रेंच डॉक्टरने १८८८ साली मांडलेला चार दोषांचा संच सगळ्यांत ओळखीचा. दिसतात चार, पण मूळ बिघाड एकच: एक छोटा पडदा जागेवरून पुढे सरकलेला असतो.

काही वेळा मूळ जनुकात असतं आणि खूण शरीरावर दिसते. वरच्या पडद्याला भोक आणि हाताचा अंगठा अपुरा किंवा बोटासारखा लांब, ही होल्ट-ओरम नावाची जोडी १९६० मध्ये नोंदवली गेली. छातीवर प्रोब ठेवण्याआधी पेशंटचे हात बघायचे ते उगाच नाही.

लुटेमबॅकर सिंड्रोम असं लिहिलंय. हे काय आहे?

वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, आणि जोडीला डाव्या बाजूची माइट्रल झडप अरुंद. रने लुटेमबॅकर यांनी १९१६ साली याचं वर्णन केलं. त्यांची पेशंट साठी ओलांडलेली आणि अनेक बाळंतपणं झालेली स्त्री होती. अरुंद झडपेसह इतकं आयुष्य आणि इतकी बाळंतपणं पार कशी पडली, याच्या उत्तरातच या जोडीचं मर्म आहे.

माइट्रल झडप अरुंद झाली की तिच्या मागे, डाव्या वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं. तुंबलेला दाब फुप्फुसात मागे सरकतो, तिथे पाणी साठतं, रात्री उताणं झोपवत नाही. पण पडद्याला भोक असेल तर तुंबलेल्या रक्ताला पळवाट मिळते. फुप्फुसावरचा दाब उतरतो, माणूस झोपू शकतो. किंमत मोजते उजवी बाजू. ती फुगत जाते, पायावर सूज येते, थकवा वाढतो.

गंमत म्हणा की फसवणूक म्हणा, या भोकामुळे झडपेचा आजार तपासणीतही लपतो. स्टेथोस्कोपमधला आवाज मंद होतो. इकोमध्ये झडपेतून दाब किती वेळात उतरतो यावरून तिचं क्षेत्रफळ काढण्याची एक नेहमीची पद्धत आहे. रक्ताला दुसरी वाट असल्यामुळे तो हिशेब इथे चुकतो आणि झडप आहे त्यापेक्षा बरी वाटते. झडपेचं तोंड थेट चित्रावर मोजावं लागतं. आणखी एक बारकावा: या जोडीतलं भोक जन्मजात असलं तरी झडपेचा आजार बहुतेकांत नंतरचा असतो, लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झालेला. म्हणजे अर्धा दोष जन्माचा, अर्धा कमावलेला.

मग भोक बंद करून टाकलं की झालं ना?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यांत धोकादायक गैरसमजही यातच आहे. वरच्या उदाहरणात झडपेकडे दुर्लक्ष करून फक्त भोक बुजवलं तर पळवाट बंद होते आणि फुप्फुसात पाणी भरू शकतं. तिथे झडप आधी मोकळी करायची किंवा दोन्ही कामं एकत्र करायची.

झडप चांगली असूनही असंच घडू शकतं. वय झालेल्या, जुना रक्तदाब असलेल्या माणसात डावा कप्पा ताठर असेल तर भोक हीच त्याची पळवाट असते. म्हणून शंका असेल तेव्हा भोक फुग्याने काही मिनिटं तात्पुरतं बंद करून डावीकडचा दाब किती चढतो ते बघतात. चढला, तर छत्री (भोक बुजवायला नळीतून नेऊन बसवतात ती चकती) बसवायची घाई करत नाहीत.

आणि आयझेनमेंगर अवस्थेत भोक बंद करायचं नसतंच. १८९७ साली व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी ३२ वर्षांच्या एका माणसाची हकीकत लिहिली. जन्मापासून निळसर, तरी बराच काळ धडपणे जगलेला, शेवटी फुप्फुसातून रक्तस्राव होऊन गेलेला. फुप्फुसातल्या वाहिन्या इतक्या कडक झालेल्या असतात की रक्त उलट, उजवीकडून डावीकडे वाहू लागतं. अशा वेळी भोक हा उजव्या बाजूचा सुरक्षा-झडपेसारखा आधार असतो. तो काढला तर उजवा कप्पा कोलमडतो. आता फुप्फुसातला दाब उतरवणारी औषधं आहेत आणि त्यांनी पुष्कळांना बरं वाटतं.

उजवी बाजू मोठी दिसते, पण भोक सापडत नाही, असं सांगितलं. पुढे काय?

काखेत कळसा अन् गावाला वळसा, अशातला हा प्रकार. सामान्यतः भोक पडद्याच्या मधोमध असतं आणि छातीवरून केलेल्या इकोत दिसतं. पण एक प्रकार पडद्याच्या वरच्या टोकाला असतो, वरची महाशीर (डोकं आणि हातांकडचं रक्त आणणारी मोठी शीर) उजव्या कप्प्यात उतरते तिथे. याला सायनस व्हिनोसस दोष म्हणतात. छातीवरून ती जागा नीट दिसत नाही, मोठ्यांमध्ये तर नाहीच. आणि हा दोष सहसा एकटा नसतो. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातून शुद्ध रक्त आणणारी शीर डावीकडे जायचं सोडून महाशिरेत उघडलेली असते.

तेव्हा उजवी बाजू मोठी असताना ‘भोक नाही’ एवढ्यावर थांबू नका. अन्ननलिकेतून केलेला इको, सीटी किंवा एमआरआय यातून शिरा एकेक करून मोजल्या पाहिजेत. फुप्फुसाच्या चार शिरा डाव्या कप्प्यात येताना दिसल्या का, हा प्रश्न रिपोर्ट हातात घेऊन सरळ विचारा. यावर नेहमीची छत्री चालत नाही, कारण टेकायला कडाच नसते. ऑपरेशन लागतं. निवडक पेशंटमध्ये अलीकडे महाशिरेत आवरणाचा स्टेंट बसवूनही काम होतं.

याचंच एक दुर्मीळ भावंड म्हणजे सिमिटार सिंड्रोम. उजव्या फुप्फुसाची शीर खाली जाऊन पोटाकडच्या महाशिरेला मिळते, उजवं फुप्फुस लहान राहतं, हृदय उजवीकडे ओढलं जातं. साध्या एक्स-रेवर ती शीर वाकड्या तलवारीसारखी दिसते, म्हणून हे नाव. एकदा पाहिलेला एक्स-रे विसरत नाही.

माझे खालचे दोन कप्पे अदलाबदल झालेत म्हणे, तरी मी ठीक आहे. हे शक्य आहे?

आहे. याला ‘जन्मतःच दुरुस्त झालेली’ अदलाबदल म्हणतात. कार्ल रोकिटान्स्की यांनी १८७५ मध्ये तिचं वर्णन केलं. कप्पे चुकीच्या बाजूला आणि वरून निघणाऱ्या मोठ्या धमन्याही चुकलेल्या. दोन चुका एकमेकींना रद्द करतात आणि शुद्ध रक्त बरोबर शरीराकडेच जातं. सोबत दुसरा दोष नसेल तर कधी कधी साठी-सत्तरीपर्यंतही पत्ता लागत नाही.

पण शरीरभर रक्त ढकलण्याचं काम उजव्या कप्प्यावर येऊन पडलेलं असतं, आणि तो त्या दाबासाठी घडलेलाच नसतो. काही दशकांनी तो दमतो, त्याची झडप गळू लागते. ठोक्याची विद्युतवाहिनीही लांबच्या वाटेने गेलेली असते. हार्ट ब्लॉक (ठोक्याचा विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत नीट न पोचणं) होण्याचं प्रमाण वर्षाला सुमारे २ टक्के धरतात. म्हणूनच कितीदा तरी असा पेशंट पेसमेकरसाठी येतो आणि मूळ दोष तेव्हा कळतो.

यात बहुतेकांना जोडीला काहीतरी असतंच: खालच्या पडद्याला भोक, फुप्फुसाची वाट अरुंद, किंवा झडप खाली सरकलेली. भोक आणि अरुंद वाट दोन्ही बेताचे असतील तर वर सांगितलेला समतोल इथेही चालतो. इको करणाऱ्याने कप्पे त्यांच्या जागेवरून ओळखले, बनावटीवरून नाही, तर ‘माइट्रल झडपेची गळती’ असा चुकीचा शेरा पडतो. तुमच्या रिपोर्टवर तसं असेल आणि सोबत हार्ट ब्लॉकही असेल, तर दुसरं मत घ्या.

हृदय उजवीकडे आहे. घाबरायचं का?

बाकीचे अवयवही आरशातल्यासारखे उलटे असतील तर सहसा नाही. अशा बहुतेकांचं हृदय घडणीने चांगलं असतं. पोटातले अवयव जागच्या जागी आणि हृदय मात्र जन्मतः उजवीकडे वळलेलं, असं असेल तर आत इतर दोष असण्याची शक्यता खूप मोठी, आणि पूर्ण तपासणी हवीच. उलटे अवयव, सततचं सायनसचं दुखणं आणि वारंवार कफ ही तिकडी एकत्र असेल तर ते कार्टाजेनर सिंड्रोम, १९३३ सालापासून या नावाने ओळखलं जाणारं.

एब्स्टाइन, भोक आणि ठोके पळणे, हे तीन वेगळे आजार आहेत का?

एकाच घरातले. विल्हेल्म एब्स्टाइन यांनी १८६६ साली १९ वर्षांच्या एका मजुराच्या हृदयाचं वर्णन केलं. उजवीकडची झडप खाली सरकलेली आणि कप्प्याच्या भिंतीला चिकटलेली. अशा पुष्कळांच्या वरच्या पडद्यातही वाट उघडी असते. झडप गळून उजवीकडचा दाब वाढला की या वाटेने अशुद्ध रक्त डावीकडे जातं. त्यामुळे विश्रांतीत ओठ गुलाबी आणि चालल्यावर निळे, असा प्रकार दिसतो. बोटाला ऑक्सिमीटर लावून पेशंटला चालायला लावा, आकडा उतरताना दिसतो. बसून घेतलेला आकडा इथे अर्धंच सांगतो.

झडप जिथे नीट सुटी झालेली नसते तिथे विजेची एक जादा तारही राहून जाते, म्हणून ठोके अचानक पळतात. झडपेचं ऑपरेशन ठरवण्याआधी ही तार शोधून जाळावी लागते, कारण नंतर तिथे पोचणं अवघड जातं.

रक्तदाब तरुणपणीच वाढलाय. त्याचा जन्मजात दोषाशी संबंध?

तिशीच्या आतला उच्च रक्तदाब असेल तर एकदा तरी हाताबरोबर पायाचाही रक्तदाब मोजून घ्या. पायाचा दाब हातापेक्षा कमी असेल तर महाधमनी वाटेत आवळलेली असू शकते. अशा निम्म्याहून अधिक लोकांत महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात, आणि सुमारे १० टक्के लोकांत मेंदूतल्या धमनीला फुगा असतो. ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून दूर, पण दुखणं एकाच भिंतीचं. आवळलेली जागा मोकळी केल्यावरही झडप आणि महाधमनीची रुंदी आयुष्यभर बघत राहावी लागते.

डाव्या बाजूला पायरीपायरीने चार अडथळे असले की त्याला शोन कॉम्प्लेक्स म्हणतात (१९६३). मोठ्यांमध्ये बहुधा अपुऱ्या रूपात सापडतो. एक अडथळा काढला की पुढचा उघडा पडतो.

डाव्या बाजूला जास्तीची महाशीर आहे म्हणे. काही करायचं का?

एकटी असेल तर काही नाही. हजारात तीन ते पाच जणांना असते आणि ती शेवटी उजव्या कप्प्यातच येते. पेसमेकरची तार टाकताना डॉक्टरांची तारांबळ उडते, एवढंच. पण तिच्या वाटेतल्या भिंतीला खिंडार असेल तर डाव्या हाताच्या शिरेतलं रक्त थेट डाव्या कप्प्यात जातं, फुप्फुसाच्या गाळणीतून न जाता. मग सलाइनमधला हवेचा बुडबुडा किंवा छोटी गाठ मेंदूत पोचू शकते.

हे ओळखायची रीत सोपी आहे आणि बघायला छान. सलाइन दोन सिरिंजमध्ये ढवळून फेसाळ करायचं आणि शिरेत सोडायचं. इकोवर बुडबुडे बर्फ पडल्यासारखे दिसतात. उजव्या हातातून दिलं तर उजवी बाजू आधी पांढरी होते. डाव्या हातातून दिल्यावर डावा वरचा कप्पा आधी भरला, तर निदान झालं. एकाच हातातून देऊन ‘नॉर्मल’ म्हटलेले रिपोर्ट मी पाहिलेत, म्हणून हात कोणता ते विचारा.

हाताची बोटं गुलाबी, पायाची निळी. असं कसं?

मोज्यांत लपलेलं निदान. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्यातली गर्भातली नळी उघडी राहिली आणि रक्त उलट वाहू लागलं, तर अशुद्ध रक्त हातांकडच्या फांद्यांच्या पुढे मिसळतं. त्यामुळे पायच निळे होतात. ऑक्सिमीटर पायाच्या बोटालाही लावला पाहिजे.

निळेपणा असलेल्यांचं रक्त दाट होतं आणि ‘काढून टाका’ असा सल्ला मिळतो. नेमाने रक्त काढू नका. त्यामुळे लोह कमी पडतं आणि पक्षाघाताचा धोका वाढू शकतो. डोकेदुखी, धूसर दिसणं अशा तक्रारी असतील आणि पाण्याची किंवा लोहाची कमतरता नसेल, तरच तज्ज्ञ तो विचार करतात.

गरोदरपण जमेल का?

पुष्कळांना जमतं. आयझेनमेंगर अवस्था, फार अरुंद झालेली माइट्रल झडप किंवा फार दमलेला मुख्य कप्पा असेल तर मात्र आईच्या जिवाला इतका धोका असतो की गर्भधारणा टाळायलाच सांगतात. हे बोलणं दिवस राहण्याआधी झालं पाहिजे. निळेपणा असलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही टाळाव्यात, कारण गाठी होतात. बाळाला दोष असण्याची शक्यता सर्वसाधारण लोकांत १ टक्क्याच्या आसपास. आई किंवा वडिलांना दोष असेल तर ती बहुतेक प्रकारांत ३ ते ५ टक्क्यांच्या घरात जाते, आणि होल्ट-ओरमसारख्या एका जनुकाच्या आजारात ५० टक्के. गर्भाचा इको करून घ्या.

दात काढण्याआधी जंतुसंसर्ग टाळायची (अँटिबायोटिक) गोळी घ्यावी लागते का?

सगळ्यांना नाही. कृत्रिम झडप, आधी झालेला हृदयाचा जंतुसंसर्ग, दुरुस्त न झालेला निळा दोष, आणि कृत्रिम साहित्याने दुरुस्ती केल्यानंतरचे पहिले सहा महिने (किंवा त्या जागी गळती उरली असेल तर पुढेही) एवढ्यांना. रोज नीट दात घासणं मात्र सगळ्यांना लागू, आणि ते गोळीपेक्षा जास्त कामाचं आहे.

कोणत्या डॉक्टरकडे जावं, आणि काय घेऊन जावं?

मोठ्या माणसांच्या जन्मजात हृदयदोषांचे तज्ज्ञ वेगळे असतात. जवळ नसतील तर वर्षातून एकदा तरी त्यांना दाखवा आणि बाकी काळ नेहमीचे डॉक्टर पुरे.

लहानपणी ऑपरेशन झालं असेल तर त्याची मूळ टिपणं शोधा. ‘भोक बुजवलं’ एवढं आठवणं पुरत नाही. कुठलं भोक, पॅच कसला, जोडीला काय होतं आणि काय तसंच ठेवलं, हे त्या कागदावर असतं. कागद नसेल तर आईला विचारा, छातीवरचा व्रण समोर आहे की बाजूला ते डॉक्टरांना दाखवा. बाजूचा व्रण बरंच काही सांगतो. आणि पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: दोषांची नावं, बाणांची आकृती, औषधं, आणि लागू असेल तर ठळक अक्षरात, ‘डाव्या हातातून सलाइन नको’.